चतुर्थीआधी काढलेली दाढ

श्रावण वद्य दशमी, रात्रीचे साडेदहा. पेण, आमचा गणपतीचा कारखाना. चतुर्थीला नऊ दिवस.

हजर: सासरे, सासूबाई, फवाऱ्याने रंग मारणारा आमचा कारागीर आणि मी. शिवाय डोळे न रेखलेल्या बहात्तर मूर्ती. गैरहजर: नवरा. रोह्याला कंपनीत, दुसऱ्या शिफ्टला. साडेबारापर्यंत येणार.

ही हजेरी मी त्याच रात्री वहीत लिहिली होती. दुखणं वाढलं की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी नवऱ्याला शिव्या देतं, मी वही घेते. त्या रात्रीचं पान अजून माझ्याकडे आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने गाल धरून ठेवला होता आणि वही सारखी सरकत होती.

दुखत होती ती वरची डावी दाढ, मागून दुसरी. तिला भोक पडून वर्ष झालं होतं. गणपतीचं काम संपलं की बघू, दिवाळी झाली की बघू, असं करत पुन्हा गणपती आले. आठवड्यापूर्वी पेणच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने आत बघितलं, "काढायला लागेल" म्हणाला आणि गोळ्या लिहून दिल्या. "मग काढा की," म्हटलं, तर म्हणाला, "चतुर्थी झाली की या. काकांचा फोन आला होता." काका म्हणजे माझे सासरे. डॉक्टरच्या घरचा गणपती आमच्याकडूनच जातो. दाढ माझी, फोन सासऱ्यांचा आणि तारीख गणपतीची, असा तो कारभार.

सासऱ्यांना माझ्या दाढेची एवढी काळजी का, ते सांगायला हवं. कारखान्यातली बाकीची कामं वाटून होतात. मूर्ती साच्यातून सोडवायची, घासायची, पांढरा हात द्यायचा, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने, या सगळ्याला माणसं मिळतात. डोळ्यांची आखणी मात्र एकच माणूस करतो. सगळ्या मूर्तींचे डोळे एका हाताचे असावे लागतात; मूर्ती कुठल्या कारखान्याची हे जाणता माणूस डोळ्यांवरून ओळखतो. आमच्याकडे ती आखणी चाळीस वर्षं सासऱ्यांची होती. मग त्यांचा हात कापायला लागला. माझे वडील रोह्याजवळच्या अष्टमी गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे ब्रश मला लग्नाआधीपासून माहीत. तरी सासऱ्यांनी मला आठ वर्षं सोंडेवरच्या नक्षीवर आणि उंदरांवर ठेवलं. मला वाटतं मी हजारांनी उंदीर रंगवले असतील. डोळे माझ्याकडे आले त्याला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. मी बत्तीस वर्षांची होते.

आता त्या दिवशीची माझी चूक. ती कुणावर ढकलत नाही.

दुपारी डॉक्टरच्या गोळ्या संपल्या. समोर टोपात प्लास्टर कालवलेलं होतं. साच्यातून मूर्ती निघते तेव्हा कुठे बोटाला, कुठे कानाला हवेचा फुगा राहून भोक पडतं. ते प्लास्टरने बुजवायचं, सुकलं की कोरणीने तासायचं. दिवसातून पन्नास वेळा मी हेच करत होते. भोक दिसलं की बुजवायचं, ही हाताला सवय. मी लवंग कुटली, चिमूटभर प्लास्टरमध्ये घातली, कापसाने दाढ कोरडी केली, भोकात भरली आणि दात दाबून धरले. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. त्या उबेने दोन तास इतकं बरं वाटलं की मी संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, "दातांचा डॉक्टर काय वेगळं करतो?"

सात वाजता कळलं काय वेगळं करतो. आतला पू बाहेर यायला वाट राहिली नव्हती. गाल डोळ्यापर्यंत चढला. दाढेत ठोका पडायचा आणि त्याच ठोक्याला ब्रश हलायचा. एका दोन फुटी मूर्तीचं डावं बुबुळ मी गालावर नेऊन ठेवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

सासऱ्यांनी ती मूर्ती उचलून बाजूला ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उद्या हमरापूरचा कारागीर बोलावतो," ते म्हणाले. "उरलेली आखणी तो करील."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. बाहेरचा हात एकदा बसला की मी पुन्हा उंदरांवर.

साडेदहाला सगळे कारखान्यातच जमले, कारण काम चालूच होतं. सासूबाई मूर्तींच्या ओळीमध्ये पाट टाकून बसल्या.

"मिश्री लाव गो. दाबून धर."

"लावली."

"हिंग?"

"हिंग झाला, मीठ-पाणी झालं, पेरूचा पाला चावून झाला."

"मग जित्याला एक बाई हाय. रिंगणीच्या बियांची धुरी देते. दातातला किडा पडतो बघ खाली, कानावाटे. मी डोळ्यांनी बघितलाय."

"कानावाटे दातातला किडा कसा पडेल, आई?"

"तुला सगळं कसं कसं लागतं. पडतो. पांढरा असतो."

"मला दाढ काढायची आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी."

सासूबाईंनी हातातली फुलवातींची ताटली खाली ठेवली. "वरचा दात हाय तो. वरचा दात काढला की नजर जाते. खालचा असता तर मी बोलले नसते."

आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. वरच्या दाताची मुळं डोळ्याला जाऊन भिडतात, दात उपटला की डोळ्याची शीर तुटते. इतर घरांत ते नुसतं म्हणणं असतं. आमच्या घरात डोळ्यांवर पोट होतं.

"व्हय वयनी, खरा हाय," कारागीर फवाऱ्याची नळी साफ करता करता म्हणाला. तो धरमतरच्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. "माज्या काकानं वरचा दात कारला. आता त्याला समोरची होरी दिसत नाय."

"काकाचं वय काय?"

"आशी आसंल."

"दात कधी काढला?"

"गेल्या साली."

"मग होडी ऐंशीव्या वर्षी दिसेना झाली की दाताने?"

त्याने थोडा विचार केला. "त्याला आदीपन नीट दिसत नव्हती," असं म्हणून तो हसत सुटला. सासऱ्यांनी बघितल्यावर नळी घेऊन बाहेर गेला.

सासरे हसले नाहीत. "हे बघ," ते म्हणाले, "मी डॉक्टरला उगाच फोन नाय केला. नऊ दिवस कळ काढ. गोळ्या खा. झोप. काम तो माणूस करील. दात काढलास आणि डोळ्याला काय झालं, तर नऊ दिवसांचा प्रश्न राहणार नाय. मग आखणी कायमचीच सुटली."

म्हणजे दाढ ठेवली तर हात हलतो म्हणून काम जाणार आणि काढली तर नजर गेली असं धरून काम जाणार. दोन्हीकडून ब्रश त्यांच्याच हातात. मी इतका वेळ दुखण्याने कळवळत होते, ते त्या क्षणी थांबलं नाही, पण बाजूला बसलं. त्याची जागा रागाने घेतली. मला रागात काम सुचतं.

मी वहीत लिहिलं: पर्याय. एक, कळ काढणे. दोन, प्लास्टर स्वतः कोरून काढणे. तीन, जिते गावची बाई. चार, पेणचा डॉक्टर. पाच, रोहा.

एकवर तिथल्या तिथे काट मारली. दोनसाठी कोरणी उकळत्या पाण्यात घातली, आरसा मूर्तीच्या मांडीवर उभा केला आणि प्रयत्न केला. प्लास्टर जागचं हललं नाही. माल चांगला होता आणि हातही माझाच होता. तोंडातून थोडं रक्त आलं, सासूबाई ओरडल्या, मी कोरणी ठेवली. तीनवर काट. चारवर दोनदा काट, कारण तो डॉक्टर पुन्हा फोन करणार आणि सासरे पुन्हा तेच सांगणार.

उरलं रोहा. अष्टमीच्या पुलापलीकडे, रोह्याच्या बाजारात, एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. माझ्या आईची कवळी त्यांनीच केलेली. त्यांचं माहेर-सासर कुठलं मला माहीत नाही, पण त्यांचा गणपती आमच्याकडून जात नव्हता. माझ्या दृष्टीने हीच त्यांची सगळ्यात मोठी पदवी.

पाऊण वाजता नवरा आला. डबा ठेवला, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "अरे बापरे. सकाळी बघू."

"काय बघू?"

"म्हणजे काय ते ठरवू."

"ठरलंय. पहिल्या गाडीने रोहा. दाढ काढून परत."

त्याने वडलांकडे बघितलं, आईकडे बघितलं. या माणसाने कंपनीत संपात भाषण केलेलं मी ऐकलं आहे. घरात त्याचा आवाज दारातल्या चपलांबरोबर राहतो.

"बाबांना विचारलंस?"

"बाबांची दाढ असती तर विचारलं असतं."

"हळू बोल गो," सासूबाई म्हणाल्या. "उद्या एकादशी. एकादशीला रगत काढतेस?"

"आई, एकादशीला मी दहा वर्षं उपास केलाय. उद्या तर आपोआपच घडेल."

नवऱ्याने विचारलं, "एसटीने जाऊ या का? सोडायला येतो." एसटीवर मी मनात आधीच काट मारली होती. वडखळ नाक्यापासून पुढे रस्त्याची जी दशा, त्यात प्रत्येक खड्डा माझ्या दाढेने मोजला असता. "रेल्वेनेच. आणि तू येऊ नको, झोप. उठलास की मूर्तींच्या फुटलेल्या हातांना जोड लावायचेत, ती यादी खिळ्याला अडकवली आहे."

मग मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. गाल सुजल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, म्हणून सावकाश बोलले, आणि सावकाश बोलल्यामुळे ते जास्त ठाम वाटलं असावं.

"हमरापूरच्या माणसाला बोलवायचं तर बोलवा. दुपारी दोनपर्यंत मी येते. तोपर्यंत माझ्या मूर्तींना त्याने हात लावायचा नाही. मी आले की एक मूर्ती करीन. ती तुम्ही बघा. नजर गेली असेल तर तिथेच दिसेल. मग मी स्वतः ब्रश त्याच्या हातात देईन."

"माझ्या मूर्ती?" सासरे म्हणाले.

"डोळे माझे आहेत त्यांचे."

ते उठून झोपायला गेले. त्यांच्या घरात, त्यांच्या कारखान्यात मी असं बोलले होते. उरलेली रात्र मी भिंतीला टेकून काढली, आणि खोटं कशाला सांगू, दोनदा वाटलं की जाऊन पाय धरावेत. दाढेचा ठोका पडला की तो विचार मोडायचा. त्या बाबतीत दाढेने साथ दिली.

सकाळी आखणीचे दोन्ही बारीक ब्रश पिशवीत टाकले, म्हणजे माझ्या मागे ते कुणी वापरायला नको. गाडीत बसायला जागा मिळाली. नागोठण्यापर्यंत समोरच्या एका म्हातारीने मला तीन उपाय सांगितले. तिसरा जित्याच्या बाईचा होता.

डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कुणी भरलं?"

"मी."

"कशाने?"

सांगितलं. त्यांनी मास्क खाली केला, माझ्याकडे नीट बघितलं. "बसलंय मात्र छान," त्या म्हणाल्या. त्यांनी यंत्राने ते फोडलं आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही. एवढंच लिहिते की बारा तासांत पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला.

मग त्यांनी समजावलं. दाढ वाचवता येईल, नस काढून, टोपी बसवून. चार-पाच खेपा होतील. नाहीतर आज काढता येईल.

"काढा. पण आधी एक सांगा. वरचा दात काढल्याने नजर जाते का?"

"नाही हो. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. एकमेकींशी संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग लिहून द्या."

त्या हसल्या. मी हसले नाही. माझं तोंड बघून त्यांनी खरंच चिठ्ठीवर, औषधांच्या खाली, मराठीत लिहिलं: दाढ काढल्याचा नजरेवर परिणाम होत नाही. खाली सही आणि शिक्का. शिक्का मी मागून घेतला.

दाढ निघाली आणि भूल उतरायच्या आत मी परत निघाले. परतीला गाडी नव्हती म्हणून एसटी घेतली. गाल बधिर होता, त्यामुळे वडखळचे खड्डे फक्त कमरेला कळले. पण वाटेत ट्रकांची रांग लागली आणि दोन म्हणता म्हणता कारखान्यात पोचायला सव्वातीन झाले.

हमरापूरचा कारागीर आलेला होता. पन्नाशीचा, शांत माणूस, आपले ब्रश कापडात गुंडाळून आणलेले. तो चहा पीत बसला होता. मूर्तींना हात लावलेला नव्हता. सासऱ्यांनी माझा शब्द ठेवला होता, आणि मी मात्र सव्वा तास उशिरा आले होते.

तोंडात कापसाचा बोळा. बोलता येईना. मी चिठ्ठी सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, सासूबाईंना दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "डाक्टर काय, स्वतःच्या धंद्याचंच लिहिणार."

उत्तर तयार होतं, पण कापूस होता. बहुधा कापसामुळेच तो दिवस निभावला.

मी हात धुतले, पिशवीतून ब्रश काढले आणि आदल्या दिवशी बिघडलेलीच मूर्ती घेतली. तिचा गाल पुन्हा पांढरा करून कुणीतरी रंगवून ठेवला होता. आधी वरच्या पापणीची रेघ. ती एका श्वासात जायला हवी. मध्ये श्वास सोडला की रेघेला गाठ येते. मग खालची. मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका, ज्याने मूर्ती बघायला लागते. गालात बारीक ठणका होता, पण तो माझ्या ओळखीचा झाला होता. त्याच्या दोन ठोक्यांमध्ये रेघ बसत होती. चारही माणसं मागे उभी होती. उंदीर रंगवताना कुणी कधी मागे उभं राहिलं नव्हतं.

सासरे मूर्तीसमोर गेले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, मग खाली बसून वर बघितलं, जसं घरात पाटावरच्या गणपतीकडे माणूस बघतो तसं. बराच वेळ.

बोलला तो हमरापूरचा कारागीर. "मग मला कशाला बोलावलंत?" त्याने ब्रशांची गुंडाळी पुन्हा बांधायला घेतली.

"चहा तरी घ्या अजून," सासरे म्हणाले. मला ते म्हणाले, "उरलेल्या एकाहत्तर तृतीयेच्या आत." बस. एवढंच. त्या वर्षी आखणी माझ्याकडे राहिली, पुढच्या वर्षी राहिली, आणि ते गेल्यावर कारखान्याच्या आखणीचा प्रश्नच कुणी काढला नाही.

सासूबाईंनी मात्र हार मानली नाही. त्याच संध्याकाळी मला पेज भरवताना म्हणाल्या, "आज दिसतंय गो. आज कुणाचंही दिसंल. पुढं कळंल."

"किती पुढं?" मी सुजलेल्या तोंडाने विचारलं.

"कळंल."

त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत, खालचे-वरचे मिळून त्यांचे सहा दात आहेत आणि सुई त्या स्वतः ओवतात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून आखणी करताना मूर्ती हातभर लांब धरावी लागते. बारीक पापणीला दिवा जवळ ओढते. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला सुनेला देते आणि "अक्षर किती बारीक छापतात हल्ली" असं मोठ्याने म्हणते. माझ्या वयाच्या सगळ्यांना चाळिशी लागली आहे. माझ्या नवऱ्याला लागली, त्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात आहेत. हे मला कळतं. डॉक्टरीणबाईंचा शिक्का मारलेली चिठ्ठीही कपाटात आहे. पण मी चष्मा घालून कारखान्यात आले, तर पाटावर बसलेल्या सासूबाई काय म्हणतील ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

या महिन्याच्या यादीत अकरा कामं होती. साचे दुरुस्त, रंगाची मागणी, नळाची गळती, सगळ्यांवर काट मारली आहे. एक राहिलं आहे, गेल्या महिन्याच्या यादीतून उतरवलेलं, त्याच्या आधीच्याही: डोळे तपासून घेणे.